तेल तेच, मग वावडे कशाचे?



एका दिवाळीत आमच्या घरी घडलेली ही गोष्ट आहे. माझ्या पुतणीला शेंगदाण्याचे वावडे आहे. लहानपणी चिक्कीचा छोटासा तुकडा खाल्ल्यावर तिचे ओठ सुजले होते. तेव्हापासून घरात सर्वजण काळजी घेतात. त्या दिवाळीलाही वहिनींनी फराळासाठी शेंगदाण्याचे तेल न आणता रिफाइंड सूर्यफूल तेलाचा डबा मुद्दाम आणला होता. पुतणीसाठी दाणे न घातलेला चिवडा वेगळा केला होता. तरीही चार-पाच शंकरपाळे खाल्ल्यावर दहा मिनिटांत तिच्या अंगावर गांधी उठल्या आणि ओठ सुजू लागले. "काका, मी एकही दाणा खाल्लेला नाही!" असे ती रडत सांगत होती आणि ते खरेच होते.

आम्ही तिला ताबडतोब डॉक्टरांकडे नेले. वेळेवर उपचार मिळाल्याने ती बरी झाली. पण माझ्या मनात एक कोडे राहिले. शंकरपाळ्यांत मैदा, साखर, तूप. तळायला सूर्यफुलाचे तेल. मग शेंगदाणा आला कोठून? या कोड्याचे उत्तर शोधता शोधता तेलाविषयी जे कळले, ते आज तुम्हांला सांगतो.

तेल आणि प्रथिन

पहिला प्रश्न असा : वावडे तेलाचे असते का? आपल्या स्वयंपाकातील कोणतेही तेल घ्या. शेंगदाण्याचे, करडईचे, तिळाचे किंवा सोयाबीनचे. त्याचा जवळजवळ सगळा भाग एकाच प्रकारच्या रेणूंचा असतो. ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांचे तीन रेणू जोडले की तेलाचा एक रेणू होतो. त्यात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीनच मूलद्रव्ये असतात.

अन्नाचे वावडे मात्र बहुतेक वेळा प्रथिनाचे असते. प्रथिनांत या तीन मूलद्रव्यांखेरीज नायट्रोजनही असतो आणि त्यांचे लांबलचक रेणू ठरावीक पद्धतीने दुमडलेले असतात. आपल्या शरीराची संरक्षक यंत्रणा परका पदार्थ ओळखते ती या आकारांवरून. काही जणांच्या शरीरात ही यंत्रणा शेंगदाण्याच्या निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे विशिष्ट पेशींवर पहारेकऱ्यासारखी बसून राहतात. पुढच्या वेळी तेच प्रथिन आले की त्या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात. गांधी, सूज, उलट्या, दम लागणे हा सारा त्यांचा प्रताप. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर फॉन पिर्के यांनी 1906 साली रूढ केला. या प्रतिपिंडाचा शोध मात्र 1966-67 च्या सुमारास लागला. अमेरिकेत काम करणारे इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील संशोधक यांनी तो स्वतंत्रपणे लावला.

म्हणजे सूत्र सोपे झाले. तेलात प्रथिन नसेल तर वावड्याला कारण नाही. तेलाबरोबर प्रथिन आले असेल तर धोका आहे. म्हणून 'हे तेल कशाचे?' एवढे विचारून भागत नाही. 'ते कसे काढले?' आणि 'त्यात पूर्वी काय शिजले?' हेही विचारावे लागते.

घाण्यापासून डब्यापर्यंत

शेंगदाण्याचा सुमारे निम्मा भाग तेल आणि सुमारे चौथा भाग प्रथिने असतो. दाणे घाण्यात पिळले की तेल बाहेर येते आणि बहुतेक प्रथिने पेंडीत राहतात. बहुतेक म्हणजे सर्व नव्हेत. घाण्यातून ताजे निघालेले तेल गढूळ असते, ते दाण्याच्या बारीक कणांमुळे.

तुम्ही म्हणाल, "ते तर दोन दिवसांत तळाशी बसतात." येथे थोडे भौतिकशास्त्र कामाला येते. द्रवात पडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हाच स्टोक्सचा नियम. आता हिशेब करा. तेलाची विष्यंदिता पाण्याच्या सुमारे साठपट धरली, तर 0.01 मिलिमीटर त्रिज्येचा कण दिवसाला सुमारे 12 सेंटिमीटर खाली जातो. पण 0.001 मिलिमीटर त्रिज्येच्या कणाचा वेग त्याच्या शंभरावा भाग, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटरच्या आसपास! 24 सेंटिमीटर उंचीच्या डब्यात पहिला कण दोन दिवसांत तळाला जाईल, दुसऱ्याला दोनशे दिवस लागतील. म्हणून वरचे तेल आरशासारखे स्वच्छ दिसले तरी ते प्रथिनमुक्त आहे असे म्हणता येत नाही. बाजारात मिळणारे 'फिल्टर्ड' तेल हेही केवळ गाळलेले तेल होय. फिल्टर्ड आणि रिफाइंड हे दोन शब्द एकच समजू नका.

रिफाइंड तेलावर बऱ्याच प्रक्रिया होतात. प्रथम पाणी किंवा सौम्य आम्ल मिसळून डिंकासारखे चिकट पदार्थ वेगळे करतात. मग अल्कली घालून मोकळ्या मेदाम्लांचा साबण करून तो काढून टाकतात आणि तेल पाण्याने धुतात. त्यानंतर मुलतानी मातीच्या जातीच्या शोषक मातीतून ते गाळतात. शेवटी निर्वात टाकीत 200 अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला त्यातून वाफ सोडून वास घालवतात. पाणी, अल्कली आणि माती यांच्याबरोबर प्रथिनेही निघून जातात.

याचा पडताळा ब्रिटनमध्ये घेतला गेला. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शेंगदाण्याचे वावडे असलेल्या 60 व्यक्तींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन्ही प्रकारचे शेंगदाणा तेल दिले गेले. रिफाइंड तेलाने एकालाही त्रास झाला नाही. कच्च्या, म्हणजे शुद्ध न केलेल्या तेलाने 6 जणांना झाला. दहापैकी एकालाच त्रास झाला म्हणून कच्चे तेल निर्धोक ठरत नाही, कारण तो एक जण कोण, हे आधी कळत नाही. शिवाय शुद्धीकरण सर्वत्र सारखेच चोख होते असेही नाही. युरोपातील नियमांनुसार पूर्ण रिफाइंड सोयाबीन तेलाला वावड्याच्या सूचनेतून सूट आहे, पण रिफाइंड शेंगदाणा तेलाला नाही.

तीळ आणि तूप

तिळाचे तेल अधिक जपून वापरावे लागते. ते त्याच्या वासासाठीच घेतले जाते, म्हणून बहुधा रिफाइंड नसते. शिवाय तिळात ओलिओसिन नावाची प्रथिने असतात. बियांतील तेलाच्या सूक्ष्म थेंबांभोवती त्यांचे आवरण असते. त्यांचा मधला भाग तेलाशी जुळवून घेणारा असल्याने ती तेलाबरोबर सहज येतात. ज्याला तिळाचे वावडे आहे त्याने तिळाचे तेल टाळावे, हेच उत्तम. अमेरिकेत तिळाची नोंद वेष्टनावर करणे 1 जानेवारी 2023 पासून सक्तीचे झाले. मोहरीचे वावडे असणाऱ्यांनी कच्च्या घाणीच्या मोहरी तेलाबाबत हाच नियम पाळावा.

तुपाच्या बाबतीत दोन गोष्टींची गल्लत होते. काहींना दूध पचत नाही. त्यांना त्रास होतो तो लॅक्टोज या दुधातील साखरेमुळे. साजूक तुपात ती नाममात्र उरते, म्हणून अशा लोकांना तूप बहुधा सोसते. पण ज्यांना दुधातील प्रथिनांचे वावडे आहे, त्यांची गोष्ट वेगळी. लोणी कढवल्यावर तळाशी राहणारी तपकिरी बेरी आठवा. तिच्यात दुधाची प्रथिने असतात. तूप कितीही गाळले तरी त्यांचा अंश राहू शकतो.

कढईतील कोडे

आता आमच्या शंकरपाळ्यांकडे वळू. मी वहिनींना तळणाचा क्रम विचारला. त्यांनी आधी चिवड्याचे दाणे तळले होते आणि मग त्याच तेलात शंकरपाळे सोडले होते. कोडे सुटले! डब्यातले तेल निर्दोष होते. ते बिघडले कढईत. दाण्यांची साले, चुरा आणि त्यांबरोबर प्रथिने तेलात उतरली आणि शंकरपाळ्यांना चिकटली.

"पण उकळत्या तेलात ती जळून गेली नाहीत का?" हा वहिनींचा प्रश्न रास्त होता. शेंगदाण्यातील मुख्य प्रथिने उष्णतेला सहज दाद देत नाहीत. भाजलेल्या दाण्यांतील प्रथिनांना प्रतिपिंडे कच्च्या दाण्यांपेक्षा अधिक घट्ट चिकटतात, असेही प्रयोगांत दिसले आहे. रिफाइंड तेल निर्धोक होते ते प्रथिने जाळल्यामुळे नव्हे, तर वेगळी काढल्यामुळे. कढईत ती वेगळी काढणारे कोणीच नसते. मासे तळलेले तेल किंवा पुऱ्या तळलेले तेल यांनाही हेच लागू आहे. ज्याला गव्हातील ग्लुटेन चालत नाही, त्याचे तांदळाचे पापड पुऱ्यांच्या तेलात तळू नयेत.

एक प्रयोग आणि एक इशारा

शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करून पाहा. वर्गात कोणाला शेंगदाण्याचे वावडे असेल तर मात्र तो करू नका. दाण्याचे कूट पाण्यात ढवळून गाळून घ्या. त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे विरल द्रावण आणि मोरचुदाच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका. जांभळट रंग आला म्हणजे प्रथिन आहे. आता घाण्याचे तेल पाण्याबरोबर जोराने हलवून खालचे पाणी घ्या आणि त्याची तशीच परीक्षा करा. बहुधा रंग दिसणार नाही. म्हणून ते तेल निर्धोक ठरले का? नाही! या परीक्षेला प्रथिन बऱ्यापैकी लागते. अतिसंवेदनशील माणसाला काही मिलिग्रॅमच पुरतात. अर्ध्या ग्रॅमच्या एका दाण्यात सुमारे 125 मिलिग्रॅम प्रथिन असते. त्यातले चार मिलिग्रॅम म्हणजे दाण्याचा तिसावा भाग! आपली परखनळी जेथे 'काही नाही' म्हणते, तेथे एखाद्याचे शरीर 'आहे' म्हणू शकते. म्हणून वावडे असलेल्या मित्राला 'थोडे खाऊन तर बघ' असा आग्रह कधीही करू नका. कोणाला कोणते तेल चालेल, याचा निर्णय त्याच्या डॉक्टरांनी करावा.

शिक्षकांनाही एक विनंती. डबा खाताना एखाद्या मुलाचे ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, धाप लागली किंवा चक्कर आली, तर घरच्यांची वाट पाहत बसू नका. त्याला उभे करू नका, चालवू नका. 108 क्रमांकाला फोन करा आणि लवकरात लवकर रुग्णालयात पोहोचवा. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन प्राण वाचवते. ते मुलाजवळ असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लगेच द्या.

आमच्या घरी आता फराळाचा क्रम बदलला आहे. स्वच्छ घासलेल्या कढईत, ताज्या तेलात, पहिला घाणा पुतणीच्या वाट्याचा निघतो. दाणे सर्वांत शेवटी तळले जातात. एवढ्या साध्या बदलाला पैसा लागला नाही. फक्त तेलाचा डब्यापासून ताटापर्यंतचा प्रवास डोळ्यांसमोर आणावा लागला. तुमच्याही घरी, वर्गात, वसतिगृहात असे कोणी असेल. पुढच्या तळणाच्या वेळी एकदा विचारून पाहा : या तेलात आधी काय तळले होते?