दगडाचे थर, पडद्याचे थर

फोटोशॉपमध्ये लेयर आले ते १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८९४ मध्ये, राजा रविवर्म्यानं मुंबईत आपला छापखाना काढला. योगायोगच, पण गेवराई तालुक्यातल्या उमापुरात बसून टॅबलेटवर चित्र काढायचं आणि मग तेच लिनोवर कोरायचं, हा माझा उद्योग असल्यामुळे तो डोक्यातून जात नाही. कारण रविवर्मा प्रेसचं सगळं काम थरांचंच होतं.

चित्र आधी रंगारंगांत फोडायचं आणि प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड. लिथोला, म्हणजे दगडावरच्या छपाईला, सर्वांत चांगला दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफनचा, अगदी बारीक कणांचा चुनखडक. त्यावर तेलकट खडूनं किंवा शाईनं उलटं चित्र काढायचं. वरून डिंक आणि सौम्य आम्ल फिरवलं की कोरी जागा पाणी धरून ठेवते आणि रेघ तेवढी शाई उचलते. मग एकच कागद एकामागून एक दगडांवर दाबला जाणार, बहुधा फिके रंग आधी. एखादा दगड केसभर सरकला, की लक्ष्मीचे ओठ हनुवटीवर आलेच!

'शकुंतलेचा जन्म' हे रविवर्मा प्रेसमधून निघालेलं पहिलं चित्र. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि काही वर्षांत फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच धंद्यात हात काळे करत होते. १९७२ च्या आगीत प्रेसची मोठी हानी झाली. चित्रं मात्र घरोघर पोचलेली होती. कुणी त्यांवर जर शिवली, कुणी टिकल्या लावल्या. म्हणजे शेवटचा थर गिऱ्हाइकानंच चढवला, आणि तो कुठल्याही दगडावर नव्हता.

माझ्याकडे क्रिटा आहे, फुकट मिळणारं चित्रांचं सॉफ्टवेअर. त्यात लेयर हवे तितके घ्या, पैसा लागत नाही. तिथंच घोळ होतो. फुकटात चाळीस थर मिळाले की चित्रकार विचार करणं चाळिसाव्या थरावर ढकलतो. दगडाला पैसे पडत होते, उचलायला माणसं लागत होती. त्यामुळे कुठला रंग खरंच हवा, हे आधी ठरायचं. म्हणून मी तीन लेयरवर थांबतो. तीन रंगांत जे उभं राहत नाही, ते चित्र मला कच्चं वाटतं.

सध्या उसाच्या बैलगाडीचं चित्र चालू आहे. बीडमधून दसऱ्यानंतर तोडीला निघणारी. उसाला पिवळा, सावलीला निळा, रेघेला काळा. वाढ्याचा हिरवा वेगळा कोरायचाच नाही. पिवळ्यावर निळा पडला की तो आपसूक होतो. पडद्यावर लेयरला 'मल्टिप्लाय', म्हणजे गुणाकार, लावला की हिरवा लख्ख दिसतो. कागदावर निळी शाई पारदर्शक नसेल तर तोच शेवाळी होतो. कागद बीजगणित मानत नाही.

चित्र आडवं उलटवून प्रिंट काढायची, कार्बन ठेवून लिनोवर उतरवायची. लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा भुगा आणि मागे तागाचं कापड. थंडीत ते कडक होतं, पातं अडतं. पण आमच्याकडं दहा मिनिटं उन्हात ठेवलं की कोरणी लोण्यातून गेल्यासारखी चालते. उन्हाचं दुसरं टोक एप्रिलमध्ये. पाण्यात मिसळणारी शाई रोलर फिरेपर्यंत काचेवरच सुकते. तेव्हा तेलाची शाई, आणि काम पहाटे. प्रेस नाही, त्यामुळे कागदाच्या पाठीवर लाकडी पळी घासायची. कोपऱ्यात कमी दाब पडला की तिथं ऊस विरळ दिसतो. सॉफ्टवेअर थरथरती रेघ गुळगुळीत करून देतं. पातं देत नाही. बैलाच्या पाठीचा कोन मला पात्यामुळेच सापडला. टॅबलेटवर ती पाठ उशीसारखी दिसत होती.

छापलेला कागद स्कॅन करून परत क्रिटात घेतो. रंग दीड मिलिमीटर सरकलेला असतो, तो जागेवर आणता येतो. मासिकानं मागितलं तर आणतो, नाहीतर राहू देतो. लिथोचा दगड छपाई झाल्यावर घासून कोरा करत आणि त्यावर पुढचं चित्र चढत असे. माझ्याकडे मात्र सगळंच शिल्लक आहे: 'बैलगाडी अंतिम', 'बैलगाडी अंतिम २', 'बैलगाडी खरंच अंतिम'.