खाऱ्या पाण्याचे धुवण

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचे नाव आजवर दोन गोष्टींसाठी घेतले गेले. एक उल्का, दुसरे मीठ. यातली उल्केची कीर्ती तशी अलीकडची. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या विवराची नोंद केली खरी, पण ते आघातानेच झाले असे शास्त्रज्ञांनी ठामपणे मांडायला १९७३ साल उजाडले. मीठ मात्र पुरातन. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, हे ‘ऐने अकबरी’नेही टिपून ठेवले आहे. दल्ला, खुप्पल, पापडी ही इथल्या क्षारांची नावे जुन्या गॅझेटिअरात भेटतात. बँकेच्या कामासाठी हा जिल्हा हिंडताना मला या नावांचे फार अप्रूप वाटे. ज्या वस्तूला इतकी नावे, तिच्यावर कित्येकांची चूल पेटली असणार.

याच मिठाने आता शास्त्रज्ञांची पंचाईत केली आहे.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले, हे वाचकांना आठवत असेल. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नमुने तपासायला सांगितले. नागपूरची ‘नीरी’ आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था कामाला लागल्या. उन्हाळ्यात पाणी आटले, खारेपणा वाढला आणि मिठावरच जगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले, असा उलगडा झाला. पुढे ते तळाशी बसले आणि रंग ओसरला.

जीव कोण, हे कळले. ते तिथे नेमके काय करतात, हा प्रश्न निराळा. आमच्या भाषेत सांगायचे तर डीएनए म्हणजे खातेदाराचे नाव-गाव; व्यवहार कळतो तो प्रथिनांवरून. आणि प्रथिने ओळखायची तर ती तोलावी लागतात. एवढ्या नाजूक वस्तू न मोडता हवेत उडवून त्यांचे वस्तुमान मोजण्याची युक्ती शोधल्याबद्दल जॉन फेन आणि कोइची तनाका यांना २००२ साली नोबेल मिळाले. तनाका तर पीएच. डी.सुद्धा नव्हते; यंत्रे बनवणाऱ्या कंपनीतले साधे इंजिनिअर!

या तराजूचे, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरचे, मिठाशी हाडवैर आहे. सोडियम प्रथिनाच्या तुकड्याला चिकटतो, एका हायड्रोजनची जागा घेतो आणि वजन २२ एककांनी वाढवतो. दोन चिकटले तर ४४. एकाच तुकड्याची नोंद चार ठिकाणी विखुरते, प्रत्येक नोंद क्षीण होते आणि मिठाच्या गलबल्यात बारीक तुकडे दिसेनासेच होतात. खतावणीत एक रक्कम चार खात्यांत पडली की ताळेबंद जुळवताना काय होते, ते बँकवाल्यांना विचारावे.

म्हणून तराजूवर चढवण्याआधी नमुना धुवायचा. त्या रीतीला सॉलिड फेज एक्स्ट्रॅक्शन म्हणतात. नाव भारदस्त, काम गाळणीचे. छोट्या नळीत सिलिकाचे बारीक कण भरलेले असतात आणि प्रत्येक कणावर अठरा कार्बनांच्या, तेलकट स्वभावाच्या साखळ्या उगवलेल्या असतात. नळी आधी सेंद्रिय द्रावकाने भिजवायची, मग आम्लाच्या पाण्याने. नंतर नमुना हळूहळू सोडायचा. पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांचे तुकडे, तेलकट साखळ्यांना धरून बसतात. मीठ पाण्याबरोबर खाली निघून जाते. पुन्हा आम्लपाण्याने धुवायचे आणि शेवटी ॲसिटोनायट्राइल मिसळलेल्या थोड्या पाण्याने पेप्टाइडे सोडवून घ्यायची. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये साध्या पिपेटच्या टोकात अशा पटलाची चकती ठोकून हेच काम स्वस्तात करून दाखवले. अशी काटकसर मला नेहमीच आवडते.

लोणारच्या बाबतीत मात्र पायरीपायरीला अडते. तिथल्या पाण्याचा सामू वर्षानुवर्षे दहाच्या आसपास नोंदला गेला आहे, आणि इतक्या अल्कधर्मी पाण्यात सिलिका विरघळू लागते. नमुना तसाच ओतला तर गाळणीच खलास. आधी आम्ल घालावे, तर पाण्यातला कार्बोनेट सोड्याच्या बाटलीसारखा फसफसून वर येतो. घाई केली की नमुना टेबलावर.

खरी गोम जीवांतच आहे. हॅलोआर्किया साध्या पाण्यात टाकले की फुटतात. त्यांची प्रथिने मिठाच्या आधारानेच आपला आकार सांभाळतात. मीठ काढले की घडी उलगडते. तुकडे करायला ट्रिप्सिन वापरतात, ते लायसिन आणि आर्जिनिन या दोनच जागी कापते. खाऱ्या जीवांच्या प्रथिनांत लायसिन मुळातच कमी. त्यामुळे तुकडे लांबलचक पडतात. शिवाय मीठ फार असेल तर ट्रिप्सिनही नीट चालत नाही. ज्याच्या जोरावर हे जीव जगतात, ते हटवल्याखेरीज त्यांची ओळख पटत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? अल्कधर्मी पाण्यात टिकणारी विकरे कपडे धुण्याच्या पावडरीत वापरली जातात, हे त्याचे बाजारी उत्तर. हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी ‘इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस’ हा नवा जीवाणू याच पाण्यातून शोधला, हे दुसरे. मला तिसरे महत्त्वाचे वाटते. लोणार बदलते आहे. विवराच्या काठावरून गोड्या पाण्याचे झरे उतरतात, आणि गावाच्या सांडपाण्याचा वाद कोर्टापर्यंत गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराला रामसर स्थळाचा मान मिळाला, पण मानाने खारेपणा टिकत नाही. खारेपणा गेला की हे जीव गेले. २०२० च्या जूनमधल्या गुलाबी पाण्याची बाटली आज नव्याने भरून आणता येणार नाही. जी हाती आहे तिचे धुणे एकदाच होणार.

आणि धुण्यात सारे हाती लागतेच असे नाही. फार आखूड, पाण्याशी सलगी करणारी पेप्टाइडे तेलकट साखळ्यांना चिकटत नाहीत, ती मिठाबरोबर वाहून जातात. खाऱ्या जीवांच्या प्रथिनांत आम्लधर्मी, पाणीप्रिय घटकांचा भरणा असतो, तेव्हा इथे हे नुकसान विशेष जपायला हवे. म्हणून जाणते लोक नळीखाली निघालेले धुवण मोरीत ओतत नाहीत. त्यावर तारीख घालतात, बाटली फ्रीजरमध्ये ठेवतात आणि निकाल हाती येईपर्यंत तिला हात लावू देत नाहीत.