घरात छताचा पंखा बसवताना

श्रोतेहो, नवतपा म्हणजे काय, हे विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मे महिन्याच्या शेवटी सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला, की पुढचे नऊ दिवस जमीन तव्यासारखी तापते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत घरात असो की शाळेत, पहिली आठवण होते ती पंख्याची. दुकानात आपण पंख्याचा रंग पाहतो, भाव करतो, हमीचा कागद जपून ठेवतो. पण घरी आणल्यावर तो ज्या हुकाला टांगायचा, तो हूक कोणी पाहिला? पंखा फिरतो विजेवर, पण टिकतो हुकावर. आजचे सांगणे मुख्यतः या हुकाविषयीच आहे.

साधा पंखा चार-पाच किलो वजनाचा असतो. तुम्ही म्हणाल, एवढेसे वजन ते काय! बंद पंख्याचे वजन नुसते खाली ओढते, हे खरे. पण तोच पंखा मिनिटाला तीनशेच्या वर फेरे घेऊ लागला, की हुकाला सारखे हिसके बसतात. दिवसभर, रात्रभर, वर्षानुवर्षे. त्या हिसक्यांनी नट सैल होतो, पिन झिजते, लाकडातला स्क्रू हळूहळू बाहेर येतो. आणि पंख्याखाली कोण असते? निजलेले लेकरू, नाही तर वर्गात मांडी घालून बसलेली मुले. म्हणून पंख्याची जागा ठरवण्याआधी छताची जात ओळखावी.

घर स्लॅबचे असेल तर हूक स्लॅब ओततानाच आतल्या गजाला अडकवून बसवलेला असावा. तो राहून गेला असेल, तर स्लॅबमध्ये छिद्र पाडून पसरणारे अँकर बोल्ट बसवतात. पण ते काम जाणत्या माणसाचेच. पोपडे सुटलेल्या किंवा गळक्या स्लॅबला बोल्ट मारू नये. जुना हूक गंजून बारीक झाला असेल, तर वरून रंग फासून त्याला नवा समजू नका.

कवेलूच्या घरात पंखा तुळईला टांगावा, वाशाला किंवा बांबूला कधीही नाही. तुळईत नुसता स्क्रूचा हूक पिळून चालत नाही. दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी घेऊन आरपार बोल्ट घालावा. आधी तुळई ठोकून पाहा. आवाज पोकळ आला, भुसा गळला, तर आत वाळवी आहे असे समजावे. घरात पाळण्याची कडी असते, तिच्यावर पुष्कळांचा डोळा जातो. तान्ह्या बाळाचा भार सोसणारी कडी पंख्याचे हिसके सोसेलच असे नाही, बरं का! टिनाचे छप्पर असेल, तर पंखा टिनाला नव्हे, खालच्या लोखंडी अँगलला किंवा पाइपाला पक्क्या क्लँपने बांधावा.

हूक बसवल्यावर त्याची परीक्षा घ्यावी. पन्नास किलोचे वाळूचे पोते दोराने हुकाला अडकवावे, जमिनीपासून वीतभरच उंच ठेवावे आणि थोडा वेळ हळूहळू झुलवावे. त्या वेळी खाली कोणी उभे राहू नये. हूक हलला नाही, वाकला नाही, भोवती तडा गेला नाही, तरच पुढचे काम.

आता उंची. पंख्याचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून निदान २.४ मीटर, म्हणजे जवळजवळ आठ फूट, वर असावा. पाती आणि छत यांत निदान ३० सेंटिमीटर अंतर असावे, नाही तर पंख्याला वरून हवाच मिळत नाही. ठेंगण्या घरात ही दोन्ही मापे जमत नसतील, तर छताच्या पंख्याचा नाद सोडावा आणि भिंतीचा पंखा लावावा. बाळाला खांद्यावर घेऊन उचलणाऱ्या आजोबांचे हात कुठवर जातात, याचा विचार करा म्हणजे झाले.

विजेची जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी. पण आपण जवळ उभे राहून चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, मेन स्विच बंद झाला का? घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा लागतो. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरची वीज तारेत येतच राहते, आणि माणूस निर्धास्तपणे हात घालतो. म्हणून टेस्टर आधी चालू जागी लावून तो ठीक आहे याची खात्री करावी, मग तारेला लावावा. दुसरी, फेजची तार बटनातून गेली पाहिजे. न्यूट्रल बटनात घातली तर बटन बंद असूनही पंख्यात वीज उभी राहते. तिसरी, हिरवी अर्थिंगची तार खरोखर जोडली का? चौथी, दांडीचे दोन्ही बोल्ट आवळून त्यांतल्या पिनांची टोके फाकवली का? ही पिन दोन-चार रुपयांची, पण बोल्ट निसटू न देण्याचे काम तिचे. पंख्यासोबत सुरक्षेची पोलादी दोरी आली असेल, तर ती हुकालाच नव्हे, छतातल्या दुसऱ्या पक्क्या आधाराला बांधावी.

एका पंख्याची पाती दुसऱ्याला लावू नयेत. ती वजनाने जुळवून दिलेली असतात. पंखा डोलू लागला तर आधी बंद करावा. मग प्रत्येक पात्याच्या टोकापासून छतापर्यंतचे अंतर मोजावे. एखादे पाते वाकलेले असेल, तर ते लगेच कळते. पंखा गुरगुरतो पण फिरत नाही, किंवा फारच हळू फिरतो, असे झाले तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. तो बदलणे स्वस्त काम आहे, त्यासाठी पंखा फेकू नका. पण वर्षातून एकदा, उन्हाळा लागण्याआधी, पाती पुसताना हूक आणि पिना पाहण्यास विसरू नका.

खर्चाचाही हिशेब मांडू. जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज खातो, नव्या बीएलडीसी पंख्याला ३० वॅटच्या आसपास पुरते. रोज बारा तास चालवला, तर महिन्याला पहिल्याला २७ युनिट लागतात आणि दुसऱ्याला सुमारे ११. मात्र नव्या पंख्याला जुना रेग्युलेटर लावू नये. २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकन पट्टी लावणे बंधनकारक झाले आहे, ती पाहून घ्यावे.

शेवटी एक गोष्ट गैरसमजाची. पंखा हवा थंड करीत नाही. तो अंगावरचा घाम वाळवतो, म्हणून आपल्याला गार वाटते. शिक्षकबंधू आणि भगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. पंख्याखाली तापमापक धरा. पारा उतरत नाही. मग त्याच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा. आता पारा उतरू लागतो. मुलांना दोन वाक्यांत बाष्पीभवन समजते. आणि यातूनच दुसरी गोष्ट कळते, की रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवण्यात काही अर्थ नाही. उलट मोटारीच्या उष्णतेने खोली थोडी तापतेच.

हवा आपल्या कातडीपेक्षा तापली, की पंखा गरम झळाच अंगावर आणतो. हवा ४० अंशांवर गेल्यावर पंखा शरीर तापवतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला आहे. टिनाच्या घरात तर छताखालची तापलेली हवाच खाली ढकलली जाते. म्हणून भर दुपारी केवळ पंख्याच्या भरवशावर राहू नका. टिनाला चुन्याचा पांढरा हात द्या, दारात वाळ्याचा ओला पडदा लावा, अंग ओल्या फडक्याने पुसा, पाणी पीत राहा. वृद्धांकडे आणि लहानग्यांकडे विशेष लक्ष द्या. त्यांना तहान लागली तरी ते वेळेवर सांगत नाहीत.

तर मंडळी, या उन्हाळ्यात पंखा घ्याल तेव्हा पैशांचा हिशेब करताना हूक, बोल्ट आणि तारतंत्र्याची मजुरीही त्यात धरा. पंख्यावर दोन हजार आणि हुकावर दहा रुपये, असा व्यवहार करू नका. ज्याच्याखाली आपले लेकरू निजणार आहे, ती वस्तू भक्कम टांगलेली असू द्या.