ठिपकेदार डोळ्यांची माशी

वाळूज हें गंगापूर तालुक्यांतील गांव गेल्या चाळीसएक वर्षांत कारखान्यांमुळें सर्वांच्या तोंडीं झालें आहे. परंतु त्याच्या शिवारांत अद्याप कापूस-तूर पिकते, बांधांवर रानफुलें येतात आणि त्यांवर कीटकहि येतात. हल्लीं घरोघरीं मुलांच्या हातीं कॅमेऱ्याचा मोबाइल असतो. पावसाळा सरतांना एखादा मुलगा फुलावर बसलेल्या 'मधमाशी'चें छायाचित्र घेतो, तें मोठें करून पाहतो, आणि तिच्या डोळ्यांवर काळे ठिपके पाहून चकित होतो. मग घरांत प्रश्न निघतो: हा कोणता जीव? डंख मारील काय? मारून टाकावा काय?

उत्तर बरेंचसें छायाचित्रांतच असतें; मात्र पाहण्याचा क्रम ठाऊक हवा. प्रथम पंख मोजावे. मधमाशीला चार, माशीला दोनच. परंतु मधमाशीचे पुढचे-मागचे पंख एकमेकांत अडकलेले असल्यानें ही मोजदाद फसते. म्हणून मिशाहि पाहाव्या. मधमाशीच्या लांब व कोपरासारख्या वांकलेल्या असतात. या माशीच्या आंखूड असून त्यांवर एकेक बारीक केस असतो. पुढें पंखाच्या शिरा. मध्यभागीं कोणत्याच शिरेला नीट न मिळणारी एक खोटी शीर दिसली, कीं ती हवेंत एका जागीं तरंगणाऱ्या सिर्फिडी कुळांतील माशी समजावी. तिसऱ्या शिरेला खोल बांक असून डोळ्यांवर ठिपके किंवा पट्टे असतील, तर प्रजाति बहुधा 'एरिस्टॅलिनस'.

तिला नांगीच नाहीं. मधमाशीचें सोंग हेंच तिचें संरक्षण. परागीभवनाचें काम मात्र ती खरोखर करते. तिची अळी सांचलेल्या घाण पाण्यांत वाढते आणि उंदराच्या शेपटासारखी लांब नळी वर काढून श्वास घेते.

या सोंगानें शहाणेहि फसले. बैलाच्या कलेवरांतून मधमाश्या जन्मतात अशी समजूत प्राचीन ग्रीक-रोमन लोकांत होती. व्हर्जिल कवीनेंहि ती आपल्या काव्यांत घेतली. त्या मधमाश्या नसून आपल्या माशीची जवळची नातेवाईक 'एरिस्टॅलिस टेनॅक्स' असावी, असें ओस्टेन-साकेन या कीटकशास्त्रज्ञानें १८९४ सालीं मांडलें.

मग नेमकी जाति कोणती? येथें छायाचित्र अडतें. या कुळावरील ब्रुनेटी यांचा 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेंतील १९२३ चा खंड टांचणीवर टोंचलेल्या नमुन्यांच्या आधारें लिहिला गेला. बारीक केसांची ठेवण, नराच्या पोटाच्या टोंकाची घडण या गोष्टी सूक्ष्मदर्शकाखालींच उलगडतात. उलट रक्त पिणाऱ्या कित्येक गोमाश्यांच्या डोळ्यांतील रंगीत पट्टे मरणानंतर विटतात. तेथें जिवंत माशीचें छायाचित्रच सरस.

२०१५ सालीं मार्शल व इव्हेनह्यूस यांनीं दक्षिण आफ्रिकेंतील एका माशीला केवळ छायाचित्रांवरून नवी जाति ठरवून 'मार्लेइमाया झायलोकोपी' हें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं सुमारें पांचशें शास्त्रज्ञांनीं अशा पद्धतीस लेखी विरोध केला. आमच्या मतें विरोधकांची बाजू बळकट आहे. नमुना पुन्हां तपासतां येतो. छायाचित्रांत जें आलें नाहीं, तें मागाहून त्यांतून काढतां येत नाहीं. छायाचित्र दाखवितांच जातीचें नांव सांगणारीं साधनें हल्लीं निघालीं आहेत. त्यांचा बेधडकपणा पाहून आम्हांस फलज्योतिष्यांची आठवण होते!

तेव्हां एका छायाचित्रावर थांबूं नये. वरून, कुशीवरून आणि समोरून अशीं तीन तरी घ्यावीं. एकांत पंख उलगडलेला व शिरा स्पष्ट असाव्या. रंग खुलविण्याची सोय वापरूं नये. सकाळच्या गारठ्यांत माशी मंद असते, ती वेळ साधावी. जातीबद्दल शंका असेल तर वहींत 'एरिस्टॅलिनस, जाति अनिश्चित' इतकेंच लिहावें. खिडकीशीं एखादी मेलेली सांपडली, तर ती कागदी पुडींत कोरडी ठेवून पुडीवर गांव, तारीख आणि जवळच्या फुलाचें नांव पेन्सिलीनें लिहावें.