प्राचार्य दिसतात, पण कॉलेज चालवतो विभागप्रमुख

मुलाला किंवा मुलीला कॉलेजात घालताना तुम्ही काय बघता? इमारत बघता, संस्थेचं नाव बघता, प्राचार्य कोण आहेत ते विचारता. ओळखीचा संचालक असला तर त्याला फोन लावता. यात चूक काहीच नाही. पण प्रवेश झाल्यावर पुढची तीन-चार वर्षं तुमच्या लेकराचा संबंध प्राचार्यांशी किती येतो? वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. रोजचा संबंध येतो तो विभागप्रमुखाशी, वसतिगृहाच्या रेक्टरशी, परीक्षा अधिकाऱ्याशी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याशी आणि शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळणाऱ्या बाबूशी. ही सगळी मधली माणसं. वर संस्था, खाली विद्यार्थी, आणि मध्ये ही. गावात जसं आमदार लांब असतो आणि ग्रामसेवक-तलाठी जवळ असतात, तसंच हे.

या मधल्या माणसांची नजर सर्वांना सारखी वागवणारी असावी म्हणून आपण काय करतो, हा आजचा विषय. विषय कॉलेजचा असला तरी तो शेताच्या बांधापर्यंत येतो, म्हणून या पानावर.

राहुरीत बसून हा विषय काढायला एक कारण आहे. १९६८ साली इथं कृषी विद्यापीठ आलं. पुढे राज्यात अकोला, परभणी, दापोली अशी विद्यापीठं झाली, आणि राहुरीच्या विद्यापीठाला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. नाव नुसतं पाटीवर शोभेला नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. त्यातला मुख्य मुद्दा असा, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या थरातल्या मुलांवर होतो. दुसरा मुद्दा शिक्षकांचा. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले असावेत, लोकांत मिसळणारे, त्यांची गरज समजणारे असावेत. वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला किंवा सुताराचा वाकस हातात घ्यायला लाजणारे नसावेत. एकशे चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी हे सांगितलं. शाळा किती काढायच्या एवढ्यावर ते थांबले नाहीत, शाळेत माणूस कसा पाहिजे इथपर्यंत गेले.

हीच गोष्ट पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी करून दाखवली. १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ साली ती साताऱ्याला आली. सगळ्या जातीची मुलं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं, ही हकीकत आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पण एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १९३५ साली कर्मवीरांनी साताऱ्याला शिक्षक तयार करण्याचं कॉलेज काढलं, सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज. खेड्यापाड्यांत शाळा काढायच्या तर त्या चालवणारा माणूस आधी घडवला पाहिजे, हे त्यांना कळलं होतं. संस्थेत आजीव सेवकांची फळी उभी राहिली ती त्याच विचारातून. एकटे भाऊराव काही प्रत्येक वसतिगृहात जाऊन पंगत बघणार नव्हते. पंगतीत कोण कुठं बसतो हे बघणारा माणूस तिथंच लागतो.

आता आजच्या कॉलेजात या. आमच्या मते खरी मेख इथं आहे.

विभागप्रमुख कसा होतो?

साध्या भाषेत सांगायचं तर सेवाज्येष्ठतेनं होतो. जो आधी लागला तो प्रमुख. त्याला विषय येतो का, हे बघितलेलं असतं. पण वीस गावांतून आलेली साठ पोरं एका वर्गात बसतात, त्यातलं कोण मागं पडतंय आणि का पडतंय, हे ओळखायला त्याला कोणी शिकवलेलं नसतं. शिकवायची सोय अगदीच नाही असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ च्या सुमारास प्राध्यापकांसाठी ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजं काढली. तिथं उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग होतात. २०२३ पासून त्यांना मालवीय मिशनचं नाव मिळालं असून त्यांच्या विषयांत शैक्षणिक नेतृत्व आहे, विद्यार्थ्यांमधली विविधता आणि समावेशक शिक्षण हेही आहे. कृषीच्या प्राध्यापकांसाठी हैदराबादला राष्ट्रीय कृषी संशोधन व्यवस्थापन अकादमी १९७६ पासून आहे. पण यात एक गोम आहे. असे वर्ग बढतीला लागतात म्हणून केले जातात. प्रमाणपत्र फायलीला लागलं की काम संपलं. परत आल्यावर त्याने आपल्या विभागात काय बदललं, हे विचारणारं कोणी नसतं. बी-बियाण्याचं प्रात्यक्षिक बघून आलेला शेतकरी पेरणीच जुन्या पद्धतीने करणार असेल तर प्रात्यक्षिकाचा उपयोग काय?

शिवाय आज अनेक कॉलेजांत पदं रिकामी आहेत. तासिका तत्त्वावरचे शिक्षक तास घेतात आणि जातात, त्यांच्या हातात निर्णय नसतो. मग जो एखादा कायम शिक्षक विभागात उरतो, त्याच्याच गळ्यात परीक्षा, प्रवेश, सहल, मूल्यांकनाची कागदपत्रं असं सगळं येतं. त्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्याची बाजूही बघायला हवी.

मग सारखी नजर म्हणजे नेमकं काय? सगळ्यांना एकसारखं वागवायचं, एवढंच नव्हे. ठिबक टाकताना सगळ्या झाडांना सारखं पाणी सुटतं का हे बघतोच आपण, पण शेवटच्या टोकाला दाब कमी पडतो हेही आपल्याला माहीत असतं. मुळा कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला तर हे समजावून सांगायची गरजच नाही. कालव्याला पाणी सुटलं म्हणजे ते टेलला पोचलं असं नसतं. कॉलेजचंही तसंच आहे. सवलत मंत्रालयात सुटते, ती शेवटच्या बाकावर पोचते की नाही हे मधला माणूस ठरवतो.

दोन-तीन उदाहरणं देतो. पहिलं वेळापत्रकाचं. प्रात्यक्षिकाचा तास सकाळी पहिला लावला, तर गावात राहणाऱ्या पोरांना काही अडचण नाही. तालुक्याच्या पश्चिमेला म्हैसगाव, ताहाराबाद अशा डोंगरपट्ट्यातून एसटीने येणारी मुलगी मात्र रोज उशिरा पोचते. हजेरी कमी भरते, मग परीक्षेला बसण्याचा प्रश्न येतो. रजिस्टरमध्ये ती मुलगी ‘अनियमित’ दिसते. प्रमुखाने एकदा एसटीचं वेळापत्रक आणि कॉलेजचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघितलं, तर तास दुपारी सरकवता येतो. याला ना पैसा लागतो ना वरची मंजुरी. मुलीला बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास असतो, पुढे सवलतीचा पास काढावा लागतो. म्हणजे ती पैसे मोजून येते आणि तरी गैरहजर ठरते, हे ध्यानात घ्या.

दुसरं उदाहरण कोयत्याचं. आपल्या जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून आणि शेजारच्या बीडमधून ऊसतोडीला टोळ्या निघतात. दिवाळीच्या आगेमागे निघाल्या की पट्टा पडेपर्यंत परत नाहीत. घरात धाकटी भावंडं नाहीतर म्हातारी माणसं असली की मोठ्या पोरालाच कॉलेज सोडून घर धरावं लागतं, कधी कोयत्याची जोडी पुरी करायला त्यालाच न्यावं लागतं. पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी याच दिवसांत येते. या मुलांसाठी शासनाने २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली. ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं ठरली. योजना चांगली. पण कॉलेजातला पोरगा नोव्हेंबरात दिसेनासा झाला, तर तो टवाळक्या करतोय की कारखान्याच्या तळावर आहे, हे विचारणारा विभागप्रमुखच पाहिजे. विचारलं तर पुढच्या सत्रात तो परत येतो. नाही विचारलं तर नाव कमी होतं आणि विषय संपतो.

तिसरं, भाषेचं. दहावी-बारावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर कृषी पदवीला आलं की पुस्तक इंग्रजीत. घरी नांगरट, पाळी, खुरपणी, सगळं हाताखालून गेलेलं. पण पेपरात ते इंग्रजीत लिहायचं. बापाने प्रयोगशाळेचा पत्रा कधी बघितलेला नसतो, म्हणून पोर मागे उभं राहतं आणि सूक्ष्मदर्शक पुढच्या दोन-तीन चलाख पोरांच्या हातात राहतो. बघा कधी, कोणत्याही प्रात्यक्षिकाच्या तासाला हेच दिसतं. मुली तर हमखास वही लिहायच्या कामाला. गट पाडताना प्रमुखाने नुसतं ठरवलं, की उपकरण आळीपाळीने सगळ्यांच्या हातात गेलंच पाहिजे, तरी फरक पडतो. कृषिदूत आणि कृषिकन्या तुमच्या गावात येतात तेव्हाही हे ताडून पाहा. माती परीक्षणाचं, बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक कोण करतं आणि फोटोत नुसतं उभं कोण राहतं?

जातीचं काय, असं कोणी विचारील. विचारायलाच पाहिजे. जात कागदावर शिष्यवृत्तीसाठी लागते. वर्गात ती कोणी उच्चारली नाही तरी ‘सवलतीवाला’ हा शब्द कानावर पडतोच. २०१२ साली आयोगाने समानतेसाठी नियम केले, समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं. पण नोटीस बोर्डावर नाव लागणं वेगळं, आणि पहिल्या वर्षाचं पोर त्या दाराशी जाऊन बोलण्याइतकं धीट होणं वेगळं. शिष्यवृत्तीची नावं भर वर्गात मोठ्याने वाचायची नाहीत एवढी साधी शिस्त विभागात पाळली, तरी पोरांची मान खाली जायची थांबते.

अमेरिकेत दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं असतात. त्यातलं पहिलं १९०१ साली जोलिएट गावी निघालं. कामगारांची, स्थलांतरितांची, वय झाल्यावर शिकायला आलेल्यांची मुलंबाळं तिथं शिकतात. आपल्याकडे आयोगाने २०१३ साली तशीच योजना आणली. तिकडे आता मधल्या फळीच्या तयारीवर भर आहे. प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या वर्गाचा निकाल नुसत्या टक्क्यांत न बघता फोड करून बघायचा: मुली किती, बाहेरगावचे किती, घरात पहिल्यांदाच कॉलेजला आलेले किती, आणि त्यातले गळाले किती. ‘७० टक्के निकाल’ ऐकून आपण टाळ्या वाजवतो. उरलेले ३० कोण होते, ते सगळे एकाच बाजूच्या वाड्यावस्त्यांवरचे तर नव्हते, हे बघत नाही. दूध संघात फॅट कमी लागली तर आपण कोणत्या गावच्या कॅनची ते लगेच शोधतो. इथं का नाही?

तुमच्या हातात काय आहे?

खूप आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६, कलम ९७ बघा. त्यानुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यात एक विभागप्रमुख असतो, निवडून आलेले तीन शिक्षक असतात आणि त्यात किमान एक महिला. शिवाय चार स्थानिक सदस्य असतात, त्यातला एक तरी माजी विद्यार्थी. वर्षातून किमान चार बैठका. आता विचारा, तुमच्या जवळच्या कॉलेजातले हे चार स्थानिक सदस्य कोण? बहुतेक गावांत सरपंचालाही सांगता येणार नाही. त्यांना गाठून गळतीची फोड बैठकीत मागा. कृषी विद्यापीठांचा कायदा १९८३ चा, वेगळा आहे. पण प्रश्न विचारायला तिथंही कोणी अडवत नाही.

आणि ग्रामपंचायतीच्या व महसूलच्या मंडळींनाही सांगणं आहे. तलाठी म्हणा, की नव्या नावाने ग्राम महसूल अधिकारी म्हणा, जून-जुलैत उत्पन्नाच्या आणि अल्पभूधारकाच्या दाखल्याची गर्दी होते. त्या एका कागदावर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अवलंबून असतो. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी जुलै २०२४ च्या निर्णयाने माफ झाली आहे, तीही कागदावरच अडते. अनुसूचित जातीच्या ज्या मुलाला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही त्याच्यासाठी स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. बरेचसे अर्ज महाडीबीटीवर भरायचे. सर्व्हर चालत नाही, अंगठा लागत नाही, आधार बँकेला जोडलेलं नाही, ही रड नेहमीची. कॉलेजचा शिष्यवृत्ती बाबू आणि गावचा तलाठी यांचा एकमेकांना फोन नंबर माहीत असला, तर निम्मी प्रकरणं एका दिवसात सुटतात.

यंदा प्रवेशाला जाल तेव्हा फीची पावती घेऊन लगेच मागे फिरू नका. विभागप्रमुखांना भेटा. तुमच्या गावची एसटी किती वाजता पोचते ते त्यांना सांगा. घरातून कॉलेजला येणारं हे पहिलंच पोर असेल तर तेही सांगा. ऊसतोडीला, मेंढरामागं किंवा वीटभट्टीवर जावं लागत असेल तर कोणते महिने, ते आधीच लिहून द्या. मग नोव्हेंबरात पोर दिसलं नाही तर फोन कोणत्या नंबरवर करायचा, तो नंबर त्यांच्या वहीत टिपून घेतला की नाही हे समोर उभं राहून बघा.