जोखीम घ्या, पण मोबदला मिळेल अशीच

७ जानेवारी २००९. हैदराबादच्या ‘सत्यम कंप्युटर’चे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेबात वर्षानुवर्षे फुगवलेले आकडे दाखवल्याची लेखी कबुली दिली आणि एका दिवसात कंपनीच्या शेअरची तीनचतुर्थांशांहून अधिक किंमत बुडाली. मुंबई शेअर बाजाराचा ‘सेन्सेक्स’ही त्या दिवशी घसरला, पण सुमारे ७ टक्केच. ज्यांची बचत वीस-पंचवीस कंपन्यांत विखुरलेली होती, त्यांना चटका बसला. ज्यांनी सारी पुंजी एकट्या ‘सत्यम’मध्ये ठेवली होती, त्यांचे मात्र कंबरडेच मोडले.

‘जोखीम जास्त, तर नफा जास्त,’ असे दलाल हमखास ऐकवतात. पण हे अर्धसत्य आहे. कोणती जोखीम, हा खरा प्रश्न. अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी १९६४ मध्ये त्याचे उत्तर मांडले. १९९० च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता.

जोखमीचे दोन प्रकार

संप, आग, मालकाची लबाडी ही एकेका कंपनीची जोखीम. पैसे अनेक ठिकाणी विभागले की ती बरीचशी विरून जाते. व्याजदर, महागाई, मंदी, युद्ध यांची झळ मात्र साऱ्या बाजाराला लागते. तिच्यातून सुटका नाही. शार्प यांचे म्हणणे असे, की बाजार मोबदला देतो तो या न टळणाऱ्या जोखमीचाच. जी सहज टाळता आली असती, तिच्याबद्दल जादा पैसे कोण देणार?

या जोखमीचे माप म्हणजे ‘बीटा’. बाजार १० टक्के हलला की जो शेअर सरासरी १५ टक्के हलतो, त्याचा बीटा दीड. जो सहाच टक्के हलतो, त्याचा ०.६.

हिशेब सोपा आहे

समजा, सरकारी रोख्यावर ७ टक्के मिळतात आणि बाजाराकडून १३ टक्क्यांची अपेक्षा आहे. जोखमीचा मोबदला झाला ६ टक्के. दीड बीटाच्या शेअरकडून ७ अधिक ९, म्हणजे १६ टक्क्यांची अपेक्षा ठेवावी, ०.६ बीटाच्या शेअरकडून १०.६ टक्क्यांची. उद्या कुणी पहिला शेअर ‘१२ टक्के नक्की देईल’ म्हणून गळ्यात मारू लागला, तर एवढ्या जोखमीला हा मोबदला अपुरा आहे, हे गृहिणीलाही सांगता येईल. शिवाय शेअरच्या बाबतीत ‘नक्की’ हा शब्दच खोटा.

अर्थात, बीटा म्हणजे कुंडली नव्हे. तो मागच्या चढउतारांवरून काढतात. १९९२ मध्ये युजिन फामा आणि केनेथ फ्रेंच यांनी अमेरिकेतील शेअर तपासले, तेव्हा एकट्या बीटावरून परतावा नीट उलगडत नाही, असेच दिसले. आणि मालकाची लबाडी तर कोणत्याच बीटात दिसत नाही.

म्हणून मुलीची फी, घराचा हप्ता, आजारपण यांसाठी दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा बाजारात नकोच. उरलेला लावताना तो अनेक कंपन्यांत किंवा म्युच्युअल फंडात विभागावा. बाजार पडला तर धीर धरता येतो; एकाच कंपनीवर सारे उधळून ती बुडाली, तर धीर धरून काय उपयोग?