जीर्ण श्वासविकार : रुग्ण व उपस्थाता यांचे व्याधिज्ञान

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत. त्यांत रुग्णाच्या ठिकाणी ‘ज्ञापकत्व’ आणि उपस्थात्याच्या ठिकाणी ‘उपचारज्ञता’ हे गुण अपेक्षिले आहेत. दीर्घकालीन व्याधीत या दोन गुणांवाचून वैद्य व द्रव्य हे पादही दुर्बल ठरतात. सीओपीडी हे त्याचे ठळक उदाहरण होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ मध्ये या व्याधीने जगात सुमारे ३५ लाख मृत्यू झाले.

घरोघरी या व्याधीस सरसकट ‘दमा’ म्हटले जाते. परंतु दम्यातील श्वासमार्गाचा संकोच बऱ्याच अंशी पूर्ववत होतो. सीओपीडीतील अवरोध पूर्णपणे दूर होत नाही. स्पायरोमेट्रीने हा भेद स्पष्ट होण्यास मदत होते. लक्षणांच्या दृष्टीने जवळच्या अशा तमकश्वासास चरकांनी ‘याप्य’ म्हटले आहे. उपचार चालू असेपर्यंतच व्याधी आटोक्यात राहतो, हा याप्यत्वाचा अर्थ रुग्णास सोप्या शब्दांत सांगणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य होय.

दुसरा गैरसमज हेतूविषयी आहे. बिडी न ओढणाऱ्या स्त्रीसही चुलीच्या धुरामुळे हा व्याधी जडू शकतो. श्वासाच्या हेतूंत रज व धूम यांची गणना चरकांनीही केली आहे. म्हणून निदानपरिवर्जनाचा उपदेश संपूर्ण कुटुंबास करावा.

तिसरा गैरसमज अधिक घातक आहे. इन्हेलरची ‘सवय लागते’ अशा भीतीने, किंवा आयुर्वेदीय औषध सुरू झाले म्हणून, रुग्ण तो परस्पर बंद करतात. ‘चालू औषध स्वतःहून थांबवू नका’ हे वाक्य चिकित्सापत्रावर अवश्य लिहावे. औषधविक्रेत्यांनीही घटकद्रव्यांची नोंद नसलेल्या ‘दम्याच्या पुड्या’ देऊ नयेत. त्यांत स्टेरॉइडची भेसळ असू शकते.

घरी प्राणवायू घेणाऱ्या रुग्णाची धाप वाढताच नातलग प्रवाह वाढवितात. काही रुग्णांत त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येते. तीव्र वेगाच्या वेळी अशा रुग्णांत प्राणवायूचे प्रमाण सामान्यतः ८८ ते ९२ टक्के राखले जाते. तेव्हा प्रवाह ठरवून दिल्याप्रमाणेच ठेवावा.

कफ वाढणे, त्याचा वर्ण पिवळा-हिरवा होणे व धाप वाढणे ही वेगाची पूर्वसूचना होय. वैद्यास त्वरित कळवावे. ओठ निळे पडणे, बोलता न येणे, भ्रम वा गुंगी दिसल्यास रुग्णालय गाठावे.

हे सर्व एकदा सांगून भागत नाही. पुढील भेटीत रुग्ण व उपस्थाता या दोघांकडूनही ते वदवून घ्यावे. इन्हेलरचा प्रयोग समोर करवून पाहावा. जे त्यांना सांगता येत नाही, ते आपणही पुरेसे समजाविलेले नाही असे मानावे.